ऑपरेशन छान झालं म्हणतात, मग आईचं ईएफ ६५ वरून ५० वर कसं आलं?

पत्र:

डॉक्टरताई, माझी आई ५८ वर्षांची आहे. वर्ष-दीड वर्ष तिला जिने चढताना धाप लागायची, आम्ही सगळं वयावर आणि वजनावर ढकललं, शेवटी इको केला तर मायट्रल व्हॉल्व्हची एक दोरी तुटलेली आणि लीक सिव्हिअर. सात आठवड्यांपूर्वी ओपन हार्ट सर्जरी झाली. व्हॉल्व्ह बदलला नाही, रिपेअर केला, नवीन दोऱ्या लावल्या आणि रिंग बसवली. सर्जन म्हणाले मस्त झालंय, लीक जवळपास नाहीच. पण मी तिन्ही इकोचे आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय. ईएफ ऑपरेशनआधी ६५, डिस्चार्जच्या वेळी ४५, आता ५०. एलव्ही डायस्टोलमध्ये ६० मिमी होता, मग ५४, आता ५२. सिस्टोलमध्ये ३८, ३९ आणि आता ३७. एलए ५२ होता तो ४७ झालाय, म्हणजे अजून मोठाच. टॅप्सी की काय ते २२ वरून १३. फुप्फुसाचं प्रेशर ५५ वरून ३४. आणि खाली लिहिलंय सेप्टल मोशन ॲबनॉर्मल. बाबा म्हणतात त्यांच्या ओळखीतल्या एकांचं पण व्हॉल्व्हचंच ऑपरेशन झालं, त्यांचं ईएफ ४० वरून ५५ झालं, मग आपलंच उलटं का, चांगलं चालणारं हृदय आपण बिघडवून आणलं का. आई म्हणते धाप गेली, पण रात्री कधीकधी धडधडतं. तिचं हृदय परत पहिल्यासारखं लहान कधी होणार? आणि तिला जिने चढू देऊ का?

– एक्सेलवाली मुलगी

उत्तर:

अगं एक्सेलवाली, (आईच्या वयावरून तुझ्या वयाचा अंदाज बांधला आणि सरळ अगंतुगं करतेय, राग मानू नकोस) आधी बाबांना जाऊन सांग की कोणी काही बिघडवलेलं नाहीये. तुझ्या त्या तक्त्यात फसवा आकडा एकच आहे आणि तो ५० नाहीये, तो ६५ आहे.

थांब, नीट सांगते. ईएफ म्हणजे काय, तर डावा खालचा कप्पा, एलव्ही, भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं किती टक्के तो एका ठोक्याला बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र ईएफ विचारतच नाही. इथेच सगळी गंमत आहे. हिशेबाला सोपे पडावेत म्हणून आकडे मी माझ्या मनाने घेतेय, तुझ्या आईचे नाहीत हे. समज ऑपरेशनआधी एलव्हीत २०० मिली रक्त भरायचं आणि ठोक्याला १३० मिली निघायचं. १३० भागिले २००, ईएफ ६५, वा! रिपोर्टवर नॉर्मल. पण त्या १३० मधलं ७० मिली गळक्या व्हॉल्व्हमधून मागे, वरच्या कप्प्यात, जिथून आलं तिथेच परत जायचं, आणि शरीराला पुढे मिळायचे फक्त ६०. आता व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, मागचं दार बंद झालं. मागे जाऊन परत येणारं रक्तच उरलं नाही म्हटल्यावर एलव्हीत भरायचं पण कमी झालं, समज १३० भरतंय आणि ६५ निघतंय. ईएफ किती? ५०. आणि शरीराला किती मिळालं? ६५ च्या ६५, एक थेंब मागे नाही. म्हणजे ईएफ १५ ने पडलं आणि आईला मिळणारं रक्त वाढलं, दोन्ही एकाच वेळी. तुझी आई म्हणतेय धाप गेली, ती काही तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

शिवाय मागे, एलएत म्हणजे त्या डाव्या वरच्या कप्प्यात, प्रेशर कमी असतं आणि पुढे महाधमनीत भरपूर. गळक्या व्हॉल्व्हच्या काळात एलव्हीला मागचा सोपा रस्ता उघडा होता, अर्धं काम फुकटात व्हायचं, म्हणून तो जोरदार आकुंचन पावतोय असं दिसायचं. आता प्रत्येक थेंब पूर्ण प्रेशरविरुद्ध पुढेच ढकलावा लागतो. उतारावर सायकल मारणाऱ्याचा वेग बघून आपण त्याच्या पायातली ताकद ठरवत नाही ना, तसंच. म्हणून तर सिव्हिअर मायट्रल लीकमध्ये ईएफ ६० किंवा त्याखाली आलं, किंवा सिस्टोलमधला, म्हणजे आकुंचन पावून रिकामा झालेल्या एलव्हीचा, साइज ४० मिमीला पोचला की पेशंटला काही त्रास नसला तरी आम्ही ऑपरेशनचं बोलायला लागतो. बाकी लोकांसाठी ६० एकदम फर्स्टक्लास, आणि इथे धोक्याची घंटा. तुझ्या आईचे ६५ आणि ३८, म्हणजे दोन्ही रेषांच्या अलीकडे असतानाच काम झालंय, अगदी काठावर का असेना. हे महत्त्वाचं आहे कारण पुढे ईएफ किती सावरणार याचा सगळ्यात चांगला अंदाज याच दोन आकड्यांवरून येतो.

आता बाबांच्या ओळखीतले ते गृहस्थ. मी त्यांचा रिपोर्ट पाहिलेला नाही, पण ४० वरून ५५ म्हणजे बहुतेक त्यांचा एऑर्टिक व्हॉल्व्ह आकसलेला असणार, स्टेनोसिस. तिथे गोष्ट बरोबर उलटी असते. पुढचं दार कडक होऊन जेमतेम फट उघडत असते, एलव्ही बिचारा जीव खाऊन ढकलत असतो, भिंती जाड होतात, शेवटी दमतो आणि ईएफ पडतं. नवीन व्हॉल्व्ह बसला की अडथळा गेला, ओझं उतरलं, ईएफ वर. तुझ्या आईच्या केसमध्ये पळवाट बंद झाली, त्यांच्या केसमध्ये वाट मोकळी झाली. दोघांनाही लोक व्हॉल्व्हचं ऑपरेशन म्हणतात आणि मग घरोघरी अशा तुलना सुरू होतात. त्यांच्या हृदयाने काय बदलायचंय तर जाड भिंती हळूहळू पातळ करायच्यात, तुझ्या आईच्या हृदयाने काय तर ताणलेले कप्पे आवरून घ्यायचेत. त्या दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडण्यात काही अर्थ नाही.

कप्पे का ताणले गेले हे सांगायला हवं, नाहीतर ते आवरतात कसे ते कळणार नाही. प्रत्येक ठोक्याला जास्तीचं रक्त मागे जाऊन परत खाली येतंय, महिनोन्‌महिने, दिवसाला लाखभर ठोके. एलव्हीच्या स्नायूच्या पेशी त्यावर उपाय म्हणून लांब होतात, अक्षरशः एकापुढे एक नवीन तुकडे जोडून लांब, आणि कप्पा मोठा होतो. सुरुवातीला ही शहाणी सोय असते, कारण मोठा कप्पा म्हणजे जास्त रक्त सामावणार. पण गोल मोठ्या कप्प्याच्या भिंतीवर तेवढ्याच प्रेशरला ताण जास्त येतो, हे भौतिकशास्त्राचं गणित आहे, त्यातून सुटका नाही, आणि मग एक दिवस सोय अंगावर उलटते. शंकूसारखा निमुळता एलव्ही चेंडूसारखा गोल व्हायला लागतो, पेशींना बांधून ठेवणारं जाळं विस्कटतं, काही ठिकाणी व्रणासारखे तंतू तयार होतात.

ऑपरेशननंतर हे सगळं उलट्या दिशेने चालू होतं, आम्ही त्याला रिव्हर्स रीमॉडेलिंग म्हणतो, आणि यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात ज्या लोक एकच समजतात. पहिली म्हणजे नुसतं भरणं कमी झालं म्हणून कप्पा लहान दिसणं. हे लगेच होतं, काही दिवसांत. तुझ्या तक्त्यात बघ, डिस्चार्जलाच ६० चा ५४ झालाय. तेवढ्या दिवसांत कोणाचा स्नायू बदलत नाही गं, फक्त आतलं ओझं कमी झालं. दुसरी गोष्ट म्हणजे पेशींनी खरोखर आपला आकार बदलणं, ती हळू होते, महिने लागतात. आणि ईएफ का पडलं ते तुझ्याच आकड्यांत लिहिलेलं आहे, डायस्टोलचा ६० वरून ५२ झाला पण सिस्टोलचा ३८ वरून ३७, जवळपास तिथेच. भरलेला कप्पा लहान झाला, रिकामा झालेला तेवढाच राहिला, मग दोघांतला फरक कमी होणारच की. आता पुढच्या महिन्यांत सिस्टोलचा आकडा खाली यायला लागला की ईएफ आपोआप वर येईल. तुला एकच आकडा बघत बसायचा असेल ना तर तो बघ, ईएफ नको.

डिस्चार्जच्या ४५ ला आणखी एक कारण होतं. ऑपरेशन करताना हृदय थांबवलेलं असतं, पोटॅशियम जास्त असलेलं द्रावण सोडून, आणि तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम मशीन करतं. त्यातून उठलेला स्नायू काही दिवस थोडा सुन्न असतो, मग हळूहळू भानावर येतो. ४५ चे ५० झाले ते काही अंशी त्यामुळे. तू बघ ना, तीन आकड्यांत शेवटची उडी वरच्या दिशेने आहे, पण तुझी नजर ६५ वर खिळलेली म्हणून तुला ती दिसलीच नाही.

आता त्या ४५ आणि ५० वर फार भरवसा पण ठेवू नकोस, आणि हे मी घरचा आहेर म्हणून सांगतेय कारण मी स्वतः दिवसभर हेच मोजत असते. पेशंट डाव्या कुशीवर, छातीवर गार जेली, मी म्हणते श्वास सोडा, धरा. स्क्रीनवर चित्र थांबवते, भिंतीच्या आतल्या कडेवर एक फुली ठेवते, समोरच्या कडेवर दुसरी. कड काही पेनने आखलेली नसते, राखाडी धुक्यात पांढरट धूसर पट्टी असते ती, आणि माझी फुली एक मिमी आत पडली की बाहेर यावर आकडा बदलतो. ऑपरेशननंतर तर छातीत अजून सूज असते, पेशंटला नीट कुशीवर वळता येत नाही, चित्र आणखी वाईट. त्यामुळे दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या माणसांनी मोजलेल्या ईएफमध्ये ५ टक्क्यांचा फरक म्हणजे काहीच नाही, कधीकधी १० चा पण असतो. होता होईल तो पुढचे इको एकाच ठिकाणी करा आणि आधीचे रिपोर्ट बरोबर न्या, मोजणाऱ्याच्या हातात आधीचा आकडा असला की तो पण दोनदा बघून मोजतो.

आता सेप्टल मोशन. एवढ्या एका ओळीने किती लोकांच्या झोपा उडवल्या असतील देव जाणे. मी ज्युनियर असताना मीच एका रिपोर्टवर ती ओळ लिहून मोकळी झाले होते, बाजूला एक शब्द स्पष्टीकरण नाही, आणि संध्याकाळी त्या पेशंटचा मुलगा कॉरिडॉरमध्ये उभा होता, इंटरनेटवर वाचून आला होता की वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला. चूक सर्वस्वी माझी. एलव्ही आणि आरव्ही, म्हणजे डावा आणि उजवा खालचा कप्पा, यांच्या मधला जो पडदा आहे तो ठोक्याला डावीकडे आत यायला हवा, पण हृदयाभोवतीचं आवरण उघडलं की संपूर्ण हृदयच छातीत जरा वेगळं हलायला लागतं आणि हा पडदा उलट्या दिशेला सरकल्यासारखा दिसतो. बघायचं काय असतं तर पडदा आकुंचन पावताना जाड होतोय का. होत असेल तर स्नायू धडधाकट आहे, फक्त हलण्याची दिशा बदललीय. ओपन हार्टनंतर हे इतकं कॉमन आहे की दिसलं नाही तरच मी दुसऱ्यांदा बघते.

टॅप्सीचं पण तसंच. उजवा खालचा कप्पा ठोक्याला लांबीच्या दिशेने किती मिमी खाली येतो ते टॅप्सी मोजतं, १७ च्या खाली म्हणजे कमी. ऑपरेशननंतर जवळपास सगळ्यांचं ते घसरतं, आणि बऱ्याच जणांचं नंतर पूर्ण वर येतच नाही, पण त्याचा अर्थ उजवी बाजू फेल असा होत नाही. लांबीच्या दिशेची हालचाल कमी होते, आडवी हालचाल ते भरून काढते. १३ हा आकडा एकटा वाचू नको. त्याच्या शेजारी काय लिहिलंय बघ, आरव्हीचा साइज नॉर्मल आहे का, तीन पानी व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रायकस्पिड, गळतोय का, आईच्या पायावर सूज आहे का. आणि फुप्फुसाचं प्रेशर, जे तू सगळ्यात शेवटी उरकल्यासारखं लिहिलंस, ५५ वरून ३४! अगं उजव्या कप्प्यासाठी याहून चांगली बातमी नाही. डावीकडची लीक मागे फुप्फुसात साचायची, फुप्फुसातलं प्रेशर उजव्या कप्प्याला झेलावं लागायचं, ती सगळी साखळी सुटली. माझ्या हातात तुझा तक्ता असता तर मी त्या ओळीला हिरवा रंग दिला असता.

राहिला एलए, डावा वरचा कप्पा, शाळेत आपण कर्णिका म्हणायचो तो. हा हट्टी असतो. त्याची भिंत पातळ, वर्षानुवर्षं लीकचा फवारा थेट त्याच्यावर, आणि एकदा त्यात तंतू पडले की ते विरघळून जात नाहीत. जुन्या बनियनचा गळा ताणला गेला की कितीही धुवा, थोडा आवरतो पण नव्यासारखा होत नाही, तसं समज. ५२ वरून ४७ झालाय ही चांगली सुरुवात आहे. बायकांमध्ये ३८ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, तिथपर्यंत तो कदाचित कधीच येणार नाही, आणि न येताही आई पुढची अनेक वर्षं उत्तम जगू शकते. तू विचारलंस पहिल्यासारखं लहान कधी होणार, तर खरं उत्तर असं की एलव्ही बहुधा होईल, बायकांची वरची मर्यादा ५२ असते आणि तो आत्ताच तिथे पोचलाय, एलए अर्धवट होईल. जास्तीत जास्त घट पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर थोडी थोडी. आणि पुढच्या वेळी त्यांना म्हण एलएचा नुसता मिमी नको, व्हॉल्यूम पण लिहा, शरीराच्या आकाराप्रमाणे. एलए सगळ्या दिशांना सारखा फुगत नाही, एकाच दिशेचा मिमी फसवतो. ३४ मिली प्रति चौरस मीटरपर्यंत नॉर्मल.

हा मोठा राहिलेला एलए मला एकाच कारणासाठी चिंतेचा वाटतो आणि ते तुझ्या पत्रात शेवटी येऊन गेलंय, रात्रीची धडधड. ताणलेल्या एलएत वीज नीट वाहत नाही, वाटेत तंतू आडवे येतात, आणि तो फडफडायला लागू शकतो, एट्रियल फिब्रिलेशन. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत साधारण तीनातल्या एकाला तरी हे होतं, नंतरही होऊ शकतं. फडफडणारा एलए रक्त नीट पुढे ढकलत नाही, कोपऱ्यात गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर स्ट्रोक. शिवाय ताल बिघडलेला राहिला तर एलए आवरायचं काम पण रखडतं, दोन्हीकडून मार. कदाचित तिला नुसते एखाद-दुसरे जास्तीचे ठोके येत असतील, ते निरुपद्रवी असतात आणि बऱ्याच जणांना येतात. पण हे अंदाजाने ठरवायचं नाही. याच आठवड्यात ईसीजी करून घे, त्यात सापडलं नाही तर २४ तासांचा हॉल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ठोके नोंदवणारं छोटं मशीन, लावायला सांग, किंवा जास्त दिवसांचा. धडधड होते तेव्हा मनगटावर बोट ठेवून नाडी बघ, जोरात पण एका लयीत आहे की वाट्टेल तशी उड्या मारतेय, एवढं जरी डॉक्टरांना सांगता आलं तरी त्यांचं निम्मं काम होतं. आणि तोपर्यंत रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही, रिपेअरनंतर साधारण तीन महिने ती देतात, आणि ताल बिघडलेला निघाला तर पुढे किती काळ ते तुमचे डॉक्टर ठरवतील. ती गोळी वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, वेळच्या वेळी.

जिने? चढू दे की. सात आठवड्यांत जिने चढलेच पाहिजेत. तिच्या वेगाने, मध्ये थांबत, बोलता बोलता चढता येईल एवढ्याच जोरात. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. रोज चालणं, थोडं थोडं वाढवत. कार्डियाक रिहॅबची सोय असेल तर डोळे झाकून नाव घाल. फक्त जड उचलणं, ढकलणं, ओढणं हे छातीचं हाड नीट जुळेपर्यंत नाही, साधारण तीन महिने धर, सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐक. हृदयाला व्यायाम चालतो, अडचण हाडाची आहे, हे तिला समजावून सांग, कारण बऱ्याच आया हे उलटं धरून बसतात, पलंगावरून उठायला घाबरतात आणि हाताने भरलेली बादली उचलतात.

रोज सकाळी वजन बघायची सवय लावा, एकाच वेळी, एकाच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, पाणी आहे, डॉक्टरांना लगेच फोन. आडवं झाल्यावर धाप, रात्री धाप लागून उठणं, पायावर सूज, चक्कर येऊन पडणं, हेही तसंच. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं तर फोनबिन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत. आणि ताप. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय, आत एक रिंग आहे, तिच्यावर जंतू बसू शकतात, म्हणून उगाच दोन-चार दिवस ताप राहिला तर परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नका, आधी ब्लड कल्चर घ्यायला लावा, गोळी आधी पोटात गेली तर जंतू सापडतच नाही आणि मग आम्ही सगळे आंधळी कोशिंबीर खेळतो. दात काढायचा असेल, हिरड्यांचं काही करायचं असेल तर दातांच्या डॉक्टरांना रिंगबद्दल आधी सांगायचं, ते तासभर आधी अँटिबायोटिक देतील.

पुढचा इको कधी? तुमचा सात आठवड्यांचा जो झालाय ना, तोच खरा बेसलाइन धरायचा, कारण ऑपरेशननंतर एक ते तीन महिन्यांतला इको हा यापुढच्या सगळ्या इकोंची मोजपट्टी असतो. मी असते तर सहा महिन्यांनी एक आणि वर्षाने एक केला असता, पुढे वर्षातून एकदा. महिन्या-महिन्याला करू नका, आकडे चार मिमी वरखाली होतील आणि तुझी झोप परत जाईल. सहा महिन्यांनंतरही ईएफ ५० च्या खाली घसरलेलं असेल तर मात्र विषय वेगळा, मग औषधं वाढवायची का ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टशी बोलायचं, बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर या घराण्यातली, आणि अजून काही तपास लागतो का ते. आणि समज दोन-तीन वर्षांनी कधीतरी भरलेल्या एलव्हीचा साइज ५० मिमीवर स्थिरावलेला असताना अचानक ५६ निघाला, तर आधी व्हॉल्व्हकडे बघायला लाव. रिपेअर परत गळायला लागला तर पेशंटला धाप लागायच्या कितीतरी आधी कप्पे फुगून सांगतात. आता जसं आवरतायत तसेच.

कार्डिओलॉजिस्टकडे जाशील तेव्हा तुझा तक्ता प्रिंट करून ने, असे तक्ते आणणाऱ्या मुली आम्हाला फार आवडतात, वरवर कितीही वैतागलो तरी. फक्त सिस्टोलच्या रांगेला ठळक कर, वर्षभर त्याच रांगेवर नजर ठेव. आणि ती ईएफ ६५ ची ओळ डिलीट नको करू, तिच्यापुढच्या चौकटीत एवढंच लिही, लीकसकट.